मांडीच्या ओळीतली दोन शून्यं

तिच्या हातून आजवर चार-पाच हजार माणसं सहज मेली असतील, आणि तरीही ऑफिसात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. ती गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आकडे बसवायची. चित्रं काढणारे वेगळे, आवाज भरणारे वेगळे, कोड लिहिणारे वेगळे. त्यांनी उभ्या केलेल्या जंगलात माणसाला किती वेळानं तहान लागावी, पायात काटा मोडला तर चाल किती मंदावावी, गढूळ पाणी प्यायलेल्या शंभरांतले किती आडवे व्हावेत, हे सगळं ताई ठरवायची. या कामाचं शिक्षण तिनं कुठं घेतलं नव्हतं. आधी ती एका विमा कचेरीत तक्ते भरायची. तिथंही माणसं ‘शंभरांतली किती’ याच भाषेत मरायची, त्यामुळे नोकरी बदलल्याचं तिला फारसं जाणवलंच नाही.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मालक तिच्याहून दहा वर्षांनी लहान. उठता-बसता ‘आपली बोट, आपली बोट’ करायचा म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत, आणि तो ते कौतुक समजायचा. त्यांच्या गेममध्ये खेळणारा आणि त्याचा एक सोबती रानात भरकटतात आणि त्यांना जिवंत डांबरी रस्त्याला लागायचं असतं. खेळ बरा चालला होता, पण एका गोष्टीवरून लोक फार खिल्ली उडवत. माणूस कड्यावरून खाली पडे, पायाला चिंधी गुंडाळी आणि लगेच सशामागं धावू लागे. कोणीतरी लिहिलं होतं, अशी चिंधी मिळाली तर आम्ही दवाखाने बंद करू. कप्तानाला ते फार लागलं. त्यानं जाहीर केलं की आता जखमा खऱ्या असतील. मोडलेलं हाड मोडलेलंच राहील, ताप चढेल आणि वेळ गेली तर माणूसही जाईल.

हे ठरल्यावर सगळे ताईकडे बघायचं टाळू लागले. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी असाच डोंगरात मांडी मोडून गेला होता, हे त्या तीन खोल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. कप्तानानं तिला बाजूला घेतलं आणि घसा चारदा खाकरून विचारलं, हा जखमांचा तक्ता दुसऱ्या कुणाला देऊ का. ती म्हणाली, नको, मीच करते. तो बिचारा भारावून गेला. त्याला काय माहीत, की तिला एक गोष्ट कुणालातरी विचारायची होती आणि ती विचारायला याहून सभ्य जागा तिला सापडली नसती.

तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ, दोघं मिळून चार दिवसांच्या चालीला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका घळीतल्या शेवाळलेल्या दगडावरून नवऱ्याचा पाय सटकला. फोन लागत नव्हता. रस्ता अकरा तासांच्या चालीवर. भाऊ त्याच्यापाशी थांबला. अंगावरचं काढून त्याला घातलं, पाणी पाजलं, पाठीला पाठ लावून ऊब दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत नवरा गेला. रस्त्याकडेला उभी राहिलेली गाडी पाहून वनरक्षक शोधत आले, ते त्याच्या पुढच्या सकाळी.

“भाऊजी मला सोडेनात. जाऊ नकोस म्हणाले, हात धरून ठेवला होता,” एवढंच भावानं परत आल्यावर सांगितलं होतं. त्यावर ताईनं पुढं काही विचारलं नाही. मरताना माझ्या माणसाच्या हातात कुणाचातरी हात होता, या वाक्यावर तिनं दोन वर्षं काढली.

भाऊ तेव्हापासून तिच्याकडेच होता. आधी तो नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होता. हात इतका स्वच्छ, की त्याचे नकाशे साहेब लोक भिंतीवर लावत. ती नोकरी सुटली. सुटली म्हणजे त्यानं सोडलीही नाही आणि त्यांनी काढलंही नाही, जाणं बंद झालं एवढंच. तो खिडकीशी बसायचा, वाढलं की जेवायचा, दाढी महिन्यातून एकदा. घरात मोठा आवाज कधी झाला नाही. पण ती ताट वाढत असताना तो तिच्या तोंडाकडे असा बघायचा, की तिला वाटे, विचारून टाकावं एकदाचं. आणि मग वाटे, विचारलं तर हा उद्या ताटावर नसेल.

तिनं ते विचारलं हाडांच्या डॉक्टरांना. डॉक्टर निवृत्त झालेले, दर मंगळवारी सल्ला द्यायला यायचे आणि लहान मुलासारखे रमायचे. रक्त जरा काळपट करा, काय सरबत सांडल्यासारखं दिसतंय, असं चित्रकारांना सुनवायचे. प्रत्येक दुखापतीवर एक पान मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली तारीख आणि सही. मनगट झालं, बरगडी झाली, पोटऱ्या फाटणं झालं, आणि एका मंगळवारी मांडी आली. स्वतःच्या मांडीवर थाप मारून ते म्हणाले, यात दोन-तीन लोटे रक्त आतल्या आत मुरतं, बाहेर थेंब दिसत नाही. म्हणून फसतात लोक. त्यांना वाटतं, पायच तर मोडलाय.

तिच्या तक्त्यात दर ओळीला दोन रकाने होते. जखमी माणसापाशी दुसरा थांबला तर शंभरांतले किती वाचतील, आणि मदत आणायला गेला तर किती. तिनं पेन हातात धरून विचारलं, रस्ता अकरा तासांवर आहे असं समजू.

“मग पहिल्याच दिवशी निघायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “पाय सरळ बांधून, पांघरूण-पाणी हाताशी ठेवून निघायचं. शंभरांतले सत्तर वाचतील.”

“आणि थांबला तर?”

“वीस. थांबणारा ऊब देतो, पाणी देतो, बाई. रक्त कुठून देणार?” मग त्यांनी पान लिहायला घेतलं आणि सहज विचारलं, “वय काय धरायचं माणसाचं?”

“पंचेचाळीस,” ती म्हणाली. डॉक्टरांनी मान वर केली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं सगळं खाली बघूनच लिहिलं.

त्या दिवशी घरी आली तेव्हा भाऊ खिडकीशी बसून उकडलेल्या अंड्याचं कवच काढत होता. कवचाचे इवले इवले तुकडे त्यानं कागदावर ओळीनं मांडले होते. ती चपला न काढता दारात उभी राहिली. हा माणूस उठून चालू लागला असता, तर माझा माणूस घरी असता. शंभरांतले सत्तर. हे वाक्य तिच्या मनात पुरतं उमटलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. मग वाटलं, हे माझ्या मनात आलं ते याच्या मनात दोन वर्षं रोज येत असणार.

दुसऱ्या दिवशी तिनं तक्ता भरला. मनगटापासून सर्पदंशापर्यंत सगळे आकडे डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे, चोख. मांडीच्या ओळीत मात्र थांबला तर शून्य, गेला तर शून्य. भाऊ तो गेम खेळेल असं तेव्हा तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आकडा कुठंतरी लिहिला गेला की तो खरा होतो, अशी तिची आपली एक समजूत होती, आणि सत्तरचा आकडा तिला स्वतःच्या हातानं खरा करायचा नव्हता.

भावाकडे गेम गेला तो दोन महिन्यांनी. बाहेरचे टेस्टर कमी पडत होते. टेस्टर म्हणजे खेळून चुका शोधणारा. कप्तानानंच सुचवलं, घरात कोणी रिकामं असेल तर द्या. तिनं लॅपटॉप घरी नेऊन टेबलावर ठेवला आणि त्यात काय आहे ते सांगितलंही, लपवलं नाही. आठ दिवस त्यानं त्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी ती परत आली तर तो खेळत होता.

तो फार चांगला टेस्टर निघाला. ओलं लाकूड इतक्या लवकर पेटत नाही. धुकं खालून वर चढतं, तुम्ही वरून खाली आणलंय. झऱ्याचा आवाज घळीत दोन बाजूंनी येतो. त्याच्या चिठ्ठ्या वाचून ऑफिसातले लोक म्हणायला लागले, ताई, तुमच्या भावाला इथंच आणा, नाहीतर आम्हाला तरी घरी पाठवा. आणि मांडीच्या प्रसंगात तो दिवसातून पाच-सहा वेळा शिरायचा. आधी नुसता थांबायचा. थांबून थांबून बघितलं, सोबती मेला. मग एक दिवस निघाला. पहाटे निघून बघितलं, दुपारी निघून बघितलं, या वाटेनं, त्या वाटेनं. सोबती मेलाच. महिनाभरानं एका संध्याकाळी तो तिच्यामागं स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “ताई, काही केलं तरी तो मरतोच गं.”

त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी माणसासारखा आला होता. त्या आठवड्यात त्यानं दाढी केली. मग खाली जाऊन दूध आणायला लागला, दूधवाल्याशी हुज्जत घालायला लागला. नकाशांच्या कचेरीत एक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की एक तारखेला भेटायला या. ताईला त्या दोन शून्यांचा पापा घ्यावासा वाटला.

पण ऑफिसात त्याच शून्यांनी डोकं उठवलं होतं. टेस्टर मंडळींनी त्या प्रसंगातल्या सोबत्याला मांडीवाला नाव ठेवलं होतं. कोणाची मांडी निघाली की ते गेम तसाच टाकून चहाला उठत, कारण पुढं करण्यासारखं काही उरतच नसे. सगळ्यांना गेमच्या प्रती पाठवणारी टेस्टर मुलगी तर खुर्ची मागं ढकलून म्हणायची, चला, मांडीवाला निघाला, पाच मिनिटं सुट्टी. ताई अशा वेळी स्क्रीनमध्ये आणखी पुढं वाकायची.

शेवटी कप्तान तक्ता उघडून तिच्याशेजारी बसला. गेम तीन आठवड्यांत लोकांपुढं जायचा होता. म्हणाला, ज्यातून वाटच नाही तो खेळ नव्हे ताई, ती शिक्षा झाली. आणि डॉक्टरांचा कागद तर वेगळंच सांगतोय. ती म्हणाली, मांडी काढूनच टाकू, त्याऐवजी नडगी मोडू. तो म्हणाला, अहो, मांडीचीच तर चर्चा आहे. मग त्यानं आवाज खाली आणून, खरोखर मायेनं सांगितलं, तुम्हाला जड जात असेल तर मी स्वतः टाकतो आकडे. ते तर तिला मुळीच सहन झालं नाही. तिचा तक्ता होता, तिनंच टाकले. वीस. सत्तर.

त्यांच्याकडे एक शिस्त होती. आकडा बदलला की यंत्र कारण विचारी, आणि कारण लिहिल्याशिवाय बदल घेतच नसे. इतर लोक तिथं ‘असंच’ लिहीत, ‘कप्तानाची लहर’ लिहीत, एकानं तर नुसती तीन टिंबं दिली होती. ताई विमा कचेरीतून आलेली. खोटं कारण लिहायला तिचा हात धजत नसे. तिनं लिहिलं, “डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे दुरुस्त. कागद पाच महिन्यांपूर्वीच हातात आला होता. आधीची शून्यं मी जाणूनबुजून टाकली होती.” लिहून तिला हलकं वाटलं, कबुली दिल्यावर वाटतं तसं.

मग ती टेस्टर मुलीकडे गेली आणि म्हणाली, माझ्या घरची प्रत नवी करू नकोस, जुनीच राहू दे, तो सध्या वेगळं काही तपासतोय. मुलीनं बरं म्हटलं आणि तसं केलंही. तिच्याकडून काही चूक झाली नाही. चूक ताईची. शुक्रवारी आठवड्याभरातल्या बदलांची यादी यंत्र आपोआप सगळ्या टेस्टरांना मेलनं पाठवतं. जुना आकडा, नवा आकडा, कोणी बदलला, का बदलला. त्या यादीचा रस्ता वेगळा, प्रतीचा रस्ता वेगळा, आणि ताईनं अडवला तो एकच. सहा वर्षांत ती यादी कोणी वाचताना तिनं पाहिलं नव्हतं. ती वाचणारा एकच टेस्टर होता, आणि तो तिच्या घरी होता.

शनिवारी सकाळी ती भाजी घेऊन आली तेव्हा भाऊ टेबलाशी बसला होता, हात मांडीवर. समोर यादी उघडी होती. तिनं दुरूनच ओळखलं.

“ताई, ही शून्यं तुझी होती?”

तिनं पिशवी खाली ठेवली. “हो.”

“मला वाटलं, गेम सांगतोय.” त्यानं त्या ओळीवर बोट टेकवलं. “तू सांगत होतीस होय.”

ती बोलत सुटली. सत्तर म्हणजे काय, तीस मेलेच की त्यातही. डॉक्टरांनी ती घळ पाहिली आहे का, ते धुकं पाहिलं आहे का, तूच वाटेत पडला असतास तर मी दोघांना रडले असते. आकडा म्हणजे माणूस नव्हे. हे शेवटचं वाक्य तिनं विमा कचेरीत कितीतरी बायकांना ऐकवलं होतं आणि एकीलाही त्याचा उपयोग झाला नव्हता. भाऊ ऐकत होता, पण कोणी शेजारी बसून वेळापत्रक वाचून दाखवावं तसं.

तिचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, “भाऊजी जा म्हणाले होते.”

तिला आधी कळलंच नाही.

“पहिल्या दिवशी तीनदा म्हणाले. वाटेच्या खुणा सांगितल्या, माझ्याकडून म्हणवून घेतल्या. मी म्हटलं, तुम्हाला एकटं टाकून कसा जाऊ.” त्यानं यादीवरची नजर उचलली नाही. “त्यांच्यासाठी नाही थांबलो गं. मला ती वाट एकट्यानं चालायची भीती वाटत होती.”

“मग हात धरून ठेवला होता म्हणालास…”

“मी धरला होता त्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, घरी गेल्यावर ताईला सांग, मीच थांबवून घेतलं तुला. म्हणाले, तिला तेवढंच पटेल.” आता त्यानं तिच्याकडे पाहिलं. “बाकी दिवसभर माझी चेष्टा करत होते. म्हणाले, मेहुणा मिळावा तर असा चिकट.”

ते तिच्या माणसाचंच बोलणं होतं, शंकाच नाही. तिला ते त्याच्या आवाजात ऐकू आलं, आणि त्याच्या मागोमाग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. क्षणभरच. तिनं ते आवरलं, पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं, पण भाऊ नेमका तिच्याकडेच बघत होता. दोन वर्षं तो तिच्या तोंडावर जे शोधत होता, ते त्याला दिसलं.

“नवी प्रत दे,” तो म्हणाला.

तिनं नाही म्हटलं. मग लक्षात आलं, टेस्टर मुलीला एक फोन केला की ती त्याला देईल, हसत देईल. आणि त्यानं हे एकट्यानं बघण्यापेक्षा आपण शेजारी असलेलं बरं. तिनं स्वतःच प्रत नवी केली. स्क्रीनवरची पट्टी भरेपर्यंत दोघं त्या पट्टीकडे बघत बसले.

त्यानं मांडीचा प्रसंग काढला. सोबत्याचा पाय दोन काठ्यांमध्ये सरळ बांधला, पांघरूण घातलं, बाटली हाताशी ठेवली. त्याचे हात सराईतासारखे चालले होते. मग तो निघाला. खेळात अकरा तासांची बावीस मिनिटं होत, हेही तिनंच बसवलेलं. बावीस मिनिटं तो काही न बोलता झाडांतून चालत राहिला आणि ती शेजारी खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. रस्त्याला लागला की यंत्र एकदाच कौल लावतं, शंभरांत सत्तर. तिनं आयुष्यात कशाला नवस केला नव्हता. आता ती मनातल्या मनात विनवत होती की बाकीच्या तिसांतला निघू दे. मरू दे त्याला. मेला तर याला अजून सांगता येईल, बघ, गेलास तरी मरतोच. त्या स्क्रीनवरच्या माणसाला तिच्या नवऱ्याचं तोंड नव्हतं, कोणाचंच नव्हतं, चित्रकारांनी चारचौघांसारखं काढलेलं. पण ती कोणाच्या मरणाची वाट बघतेय ते तिला कळत होतं.

रस्ता आला. माणसं आली, घळीत उतरली, सोबत्याला झोळीत घातलं. झोळी उचलल्यावर त्यानं एक हात वर केला.

“वाचला,” भाऊ म्हणाला.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. ती म्हणाली, पुरे कर, जेवून घे. तो ऐकत होता असं वाटलं नाही. भाजीची पिशवी जिथल्या तिथं राहिली. दुपार कलली तशी खिडकीतलं ऊन स्क्रीनवर यायला लागलं म्हणून तिनं उठून पडदा ओढला आणि परत येऊन बसली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एकदा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण तो कुठं ठेवला गेलाय हे त्याला कळलंही नसावं. एक तारखेच्या भेटीचं तिनं नाव काढलं, त्यावर तो ‘हो’ म्हणाला आणि चालत राहिला.

दिवे लावायच्या वेळेपर्यंत तो अकरा वेळा गेला. आठ वेळा माणूस वाचला. अकरा म्हणजे काहीच नाही, एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आकडा तिनं बरोबर बसवला होता.